बीएएमएमसीचा प्रवेश: फॉर्म सोपा झाला, सल्ला मात्र मागून घ्यावा लागतो

मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाची पूर्वनोंदणी आणि त्यानंतर महाविद्यालयात होणारी विषयनिवड, या दोन्हींकडे बीएएमएमसीला, म्हणजे माध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमाला, जाणाऱ्या मुलामुलींच्या बाजूने पाहिलं तर गुण वेगवेगळे द्यावे लागतात. ऑनलाइन नोंदणीला पाचपैकी चार. मार्गदर्शनाला दोन, तेही महाविद्यालयागणिक कमीजास्त.

आधी नावाचं. बीएमएमचं बीएएमएमसी २०१९-२० पासून झालं, घरोघरी अजून जुनंच नाव चालतं. फॉर्मच्या यादीत बीएमएम शोधत बसू नका. बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन असं पूर्ण नाव शोधा. ‘आर्ट्स’ वाचून विज्ञान-वाणिज्यवाल्यांनी मागे फिरायचं कारण नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते आणि जागा शाखावार वाटलेल्या असतात: कला ५० टक्के, वाणिज्य २५, विज्ञान २५. त्यामुळे एकाच महाविद्यालयाचे तीन कटऑफ लागतात. वाणिज्यचा आकडा बघून कलाशाखेच्या मुलीने आशा सोडणं, किंवा उलट निर्धास्त राहणं, दोन्ही चूक.

दुसरा गोंधळ सीईटीचा. बीएमएस आणि बीबीए हे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम २०२४ पासून राज्याच्या सीईटीत, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेत, गेले. बीएएमएमसी गेलं नाही. तिथे प्रवेश बारावीच्या गुणांवर, मेरिट लिस्टने होतो. काही स्वायत्त महाविद्यालयं मात्र स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात आणि तिची तारीख बारावीच्या निकालाची वाट बघत नाही. सीईटीच्या फेऱ्या संपू देत, मग बघू, असं म्हणणाऱ्यांची विद्यापीठाची पूर्वनोंदणी हुकते.

२०२४-२५ पासून ही नोंदणी समर्थ पोर्टलवर आली. ईमेल-मोबाइलने खातं उघडायचं, वैयक्तिक माहिती, पत्ता, बारावीचे गुण, फोटो-सही, मग अभ्यासक्रम आणि महाविद्यालयं निवडायची. कागदपत्रं हाताशी असली तर फार वेळ लागत नाही. ईमेल विद्यार्थ्याचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा काकांचा दिला की पुढे पासवर्ड बदलताना त्यांच्यामागे धावावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पूर्वनोंदणीलाच प्रवेशअर्ज समजणं. विद्यापीठाचा फॉर्म भरला की त्याची प्रिंट काढायची आणि जिथे जिथे प्रवेश हवा त्या प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा भरून त्याला ती जोडायची. हे दुसरं पाऊल राहिलं तर नाव कुठल्याच यादीत येत नाही. आणखी एक: केसी महाविद्यालय आता एचएसएनसी विद्यापीठात आहे, त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या यादीत ते शोधून सापडणार नाही. तिथला अर्ज स्वतंत्र.

नावाची जुळणी इथे खरी डोकेदुखी आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नावच नाही. एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक (क्रेडिट) जमा होणारं खातं, डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे निघतं. या आयडीचा बारा आकड्यांचा क्रमांक आणि महाविद्यालयातली नोंद यांच्यात नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की श्रेयांक खात्यात जमा होताना अडतात, आणि हे कळतं सत्र संपल्यावर. म्हणून आधारमधली दुरुस्ती निकालाआधी करून घ्या.

सीबीएसई, आयएससी किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन (आधीचं बोर्ड सोडल्याचा दाखला) आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. मायग्रेशन हातात पडायला उशीर होऊ शकतो. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. ओबीसी उमेदवारांनी नॉन-क्रीमीलेयरची मुदत बघावी. ती ३१ मार्चला संपते, आणि मुदत संपलेला दाखला खिडकीवर परत येतो.

आता मार्गदर्शन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहशालेय उपक्रम. कागदावर ही रचना माध्यमांच्या विद्यार्थ्याला फार सोयीची आहे. ज्याला उद्या अर्थविषयक बातम्या करायच्या आहेत त्याने वाणिज्यचा विषय घ्यावा, जिला विज्ञान पत्रकारिता करायची आहे तिने पर्यावरणाचा. ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो, आणि बारावीला शिकलेलंच तिथे पुन्हा घेता येत नाही. नेमका हाच निर्णय पंधरा-वीस मिनिटांच्या सामूहिक परिचयसत्रात, एका ड्रॉपडाउनवर सोडला जातो. मुलं मित्रांनी घेतलेला विषय घेतात, किंवा उरलेला. लिपिक सभ्यपणे सांगतात, ‘जागा आहे ते घे.’ पहिल्या वर्षाच्या मुलाला यापेक्षा जास्त मिळायला हवं.

म्हणून शुल्क भरायच्या आधी महाविद्यालयातल्या बीएएमएमसीच्या समन्वयकांना गाठा. प्रवेशाच्या दिवसांत नव्हे, यादी लागण्याच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो. विचारायचं ते असं: ओपन इलेक्टिव्हचे तास बीएएमएमसीच्या वेळापत्रकात बसतात की सकाळ-दुपार असा दिवसभराचा फेरा पडतो? मायनर कोणत्या सत्रापासून, आणि घेतलेलं बदलता येतं का? तिसऱ्या वर्षी जाहिरात आणि पत्रकारिता दोन्ही शाखा चालतात, की पुरेशी मुलं नसली तर एकच? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. पत्रकारितेसाठी आलेल्या मुलीला दोन वर्षांनी जाहिरातीच्या वर्गात बसावं लागणं हा अन्याय आहे, आणि तो पहिल्याच दिवशी एका वाक्यात टाळता येतो.

श्रेयांकाचा हिशेबही समजून घ्या. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. कॅमेरा किंवा संकलनाचा दोन श्रेयांकांचा विषय ‘प्रात्यक्षिक’ म्हणून लिहिला असेल तर ६० तास यंत्रासमोर मिळायला हवेत. किती कॅमेरे, किती संगणक आणि किती मुलांची तुकडी, हे विचारल्यावर महाविद्यालयाची खरी तयारी लगेच कळते. प्रयोगशाळा दाखवायला जिथे टाळाटाळ होते तिथे आम्ही तरी शुल्क भरायचा सल्ला देणार नाही, कारण हा अभ्यासक्रम विनाअनुदानित आहे आणि त्याचा भार पालकांच्या खिशावर पडतो.

मराठी माध्यमाची तुकडी मोजक्याच ठिकाणी आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गहून येणाऱ्या मुलांनी हे आधी विचारून घ्यावं: शिकवणी मराठीत आहे की फक्त उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते? फॉर्मवर या दोन्हींसाठी एकच खूण असू शकते, वर्गात मात्र तीन वर्षांचा फरक पडतो.