थर्मोकपल की पीटी-१००: भट्टीसाठी सेन्सर निवडताना

तापमान नियंत्रक विकत घ्यायला गेल्यावर दुकानदार सर्वांत आधी विचारतो, ‘इनपुट कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा थर्मोकपल किंवा पीटी-१०० या तापमान मोजणाऱ्या दोन सेन्सरांपैकी एक असते, आणि ते चुकले की महागडा नियंत्रकसुद्धा चुकीच्या आकड्यावर इमानेइतबारे काम करत राहतो.

थर्मोकपलमध्ये दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या असतात. हे टोक तापले की उरलेल्या दोन टोकांमध्ये अगदी अल्प व्होल्टेज निर्माण होते. झेबेक यांना १८२१ मध्ये आढळलेल्या परिणामाचाच हा उपयोग आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या के-टाइप थर्मोकपलमध्ये ते अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असते. पीटी-१०० मध्ये प्लॅटिनमचा रोध मोजला जातो: शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम.

अचूकतेत पीटी-१०० निःसंशय सरस आहे. १०० अंशांवर साध्या बी-वर्गाच्या (वर्ग म्हणजे अचूकतेची प्रत) पीटी-१०० ची मान्य चूक ±०.८ अंश असते, तर वर्ग-२ च्या के-टाइपची ±२.५ अंश. दुधाचे पाश्चरीकरण ७२ अंशांवर १५ सेकंद करायचे असेल, तर तिथे पीटी-१०० च हवा. उलट ९०० अंशांच्या हीट ट्रीटमेंट भट्टीत त्याचा विचारही करू नये. तिथे के-टाइप लागतो. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या बॅरलवर तापमान बेताचे असले तरी मशीन सतत हादरत असते, म्हणून तिथेही दणकट थर्मोकपलच टिकतो.

खरी अडचण वायरची आहे. थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंच्या तारांची) लागते. मी पाहिलेल्या एका पावडर कोटिंग ओव्हनमध्ये (धातूवर पावडरचा रंग भाजून बसवणाऱ्या भट्टीत) केबल तुटल्यावर कोणीतरी घाईत साधी तांब्याची वायर जोडली होती. सेन्सरच्या डोक्यापाशी ६० अंश आणि पॅनेलमध्ये ३५ अंश होते; तांब्याची वायर हा मधला फरक मोजत नसल्याने मीटर सुमारे २५ अंश कमी दाखवू लागला. नियंत्रकाने तेवढी उष्णता वाढवली आणि पांढरी पावडर पिवळी पडली. अमेरिकी रंगपद्धतीच्या केबलमध्ये लाल तार ऋण असते, हेही लक्षात ठेवावे, कारण सवयीने ती धन टर्मिनलला जोडली, तर भट्टी तापेल तसा आकडा खाली येतो. पीटी-१०० ला तांब्याची वायर चालते, मात्र तीन तारांची जोडणी करावी; दोनच तारा वापरल्यास वायरचा प्रत्येक ओहम सुमारे २.६ अंश जादा दाखवतो.

बिघाडाच्या वेळी दोघांचे वागणे समजून घेणे मला अचूकतेपेक्षा महत्त्वाचे वाटते. तार तुटली, तर बहुतेक नियंत्रक ‘ओपन’ दाखवून हीटर बंद करतात. पण थर्मोकपलची केबल वाटेत कुठे शॉर्ट झाली, तर मीटर त्या जागेचे तापमान दाखवतो, पीटी-१०० शॉर्ट झाला तर आकडा तळाला जातो, आणि काही नियंत्रकांत हीटर चालूच राहतो. म्हणून सेन्सर कोणताही असो, स्वतःचा वेगळा सेन्सर असलेला अतितापमान कटआउट (तापमान मर्यादेपलीकडे गेले की हीटर बंद करणारे उपकरण) बसवावाच.

ऑन-ऑफ की पीआयडी (हीटरची उष्णता गरजेप्रमाणे सतत कमी-जास्त करणारी पद्धत) हा प्रश्न सेन्सरपेक्षा वेगळा आहे. सेट पॉइंट (हवे असलेले तापमान) २०० आणि हिस्टेरिसिस (बंद आणि पुन्हा चालू होण्यातले अंतर) ४ ठेवल्यास ऑन-ऑफ नियंत्रक साधारणपणे २०० ला हीटर बंद करून १९६ ला पुन्हा चालू करतो. एवढा चढउतार चालत नसेल, तर पीआयडी घ्यावा आणि त्यासोबत एसएसआर (हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरावा, कारण वारंवारच्या चालू-बंदने कॉन्टॅक्टरचे (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचचे) संपर्क लवकर झिजतात.

पावडर कोटिंगसारख्या १८० ते २०० अंशांच्या कामाला दोन्ही सेन्सर चालतात. पॅनेल लांब असेल आणि देखभाल करणारा इलेक्ट्रिशियन वारंवार बदलत असेल, तर मी पीटी-१०० घ्यायला सांगेन. त्याची तपासणी साध्या मल्टिमीटरनेही होते: सेन्सर सोडवून घेतल्यावर ३० अंशांच्या खोलीत सुमारे १११.७ ओहम दिसले पाहिजेत.