हेलिओस ४४-२ च्या खरेदीत झालेली फसवणूक

मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर ॲडाप्टर म्हणजे जोडकडे लावून जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्स वापरण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे आणि त्या हौसेवर धंदा करणारेही वाढले आहेत. पुण्यातील अशाच एका विक्रेत्याकडून मी सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मि.मी., एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) सोनीच्या ई-माउंट या बैठकीच्या ॲडाप्टरसह १४,००० रुपयांना घेतली. जुन्या वस्तूत दोष निघण्याचा धोका गृहीतच असतो, त्यामुळे लेन्स केवळ खराब निघाली असती तर मी हे लिहिले नसते. येथे दोष विक्रेत्याला पुरते ठाऊक होते आणि ते दिसू नयेत अशी तजवीज त्याने आधीच करून ठेवली होती.

जाहिरातीत ‘साठच्या दशकातील दुर्मीळ लेन्स’ असे लिहिले होते. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यांसोबत ही लेन्स लाखोंनी विकली गेली, तेव्हा ती दुर्मीळ मुळीच नाही. शिवाय सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातील पहिले दोन अंक सहसा निर्मितीचे वर्ष सांगतात आणि या लेन्सच्या क्रमांकाची सुरुवात ७८ ने होते. पण ही थाप तशी किरकोळ म्हणायची. खरी भुरळ घातली ती सोबत पाठवलेल्या छायाचित्रांनी. त्यांपैकी एकात जवळची फांदी पूर्ण धूसर होती आणि मागे सिंहगडावरचा मनोरा मावळत्या प्रकाशातही रेखीव, काळाभोर उमटला होता. अशा लेन्सवर विजेचे संपर्कबिंदू नसल्यामुळे कॅमेऱ्याला लेन्सची ओळख पटत नाही आणि फाइलमध्ये लेन्सचे नावही नोंदले जात नाही. म्हणजे अशा कोणत्याही जुन्या लेन्सने काढलेले छायाचित्र हेलिओसच्या नावावर खपवता येते, आणि ते खोटे आहे हे फाइल उघडून सिद्ध करता येत नाही.

लेन्स पाहायला विक्रेत्याने संध्याकाळनंतरच घरी बोलावले. दिवाणखान्यात टेबलावर फुलदाणी मांडलेली होती, कॅमेऱ्यात फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारे फोकस पीकिंग सर्वांत तीव्र पातळीवर ठेवलेले होते, त्यामुळे पडद्यावर कडा लगेच लाल होत आणि सगळे काही फोकसमध्ये आल्यासारखे वाटे. चित्र मोठे करून पाहू लागताच, “सर, एफ/२ ला थोडा ग्लो येणारच, त्यासाठीच तर लोक ही लेन्स घेतात,” असे उत्तर मिळाले. भिंग स्वच्छ असल्याचे दाखवण्यासाठी त्यांनी लेन्स ट्यूबलाइटसमोर सरळ धरली. हेझ, म्हणजे आतल्या भिंगावर साचलेला धूसर थर, समोरून येणाऱ्या प्रकाशात सहसा दिसत नाही. अंधारात बाजूने तिरपा टॉर्च मारल्यावरच तो पांढुरक्या पडद्यासारखा उजळतो. दिवाणखान्यातले सगळे दिवे लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर समोरच्या टेकडीवरचे एकही झाड फोकसमध्ये येईना. लेन्स ॲडाप्टरमधून काढली तेव्हा दोहोंच्या मध्ये पितळेचा एक पातळ वॉशर सापडला. एम४२ म्हणजे ४२ मि.मी. व्यासाच्या आट्यांच्या, हेलिओससारख्या लेन्सची बैठक सेन्सरपासून ४५.४६ मि.मी. अंतरावर असावी लागते आणि ई-माउंटचे अंतर १८ मि.मी. आहे, म्हणून ॲडाप्टर २७.४६ मि.मी. जाडीचा हवा. व्हर्निअरने मोजल्यावर ॲडाप्टर बरोबर भरला, मात्र वॉशर ०.३ मि.मी. जाडीचा निघाला. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण ५८ मि.मी.च्या लेन्सला इन्फिनिटीच्या, म्हणजे अगदी दूरच्या दृश्याच्या, खुणेवर ठेवून ०.३ मि.मी. पुढे सरकवले की तिचा सर्वांत दूरचा फोकस सुमारे ११ मीटरवर येऊन थांबतो. एफ/८ ला हा दोष बराचसा झाकला जातो, एफ/२ ला मात्र उघडा पडतो. वॉशर घालण्याचे कारण हिशोब केल्यावर कळले. एम४२ चे आटे १ मि.मी. अंतराचे असतात, त्यामुळे ०.३ मि.मी.चा वॉशर घातला की लेन्स जवळजवळ तृतीयांश फेरा आधीच घट्ट बसते आणि लेन्सवरचे अंतराचे आकडे नेमके वर येतात. जाहिरातीतील फोटोत कॅमेरा देखणा दिसावा म्हणून हा उद्योग केला होता आणि त्याने होणारे नुकसान त्या दिवाणखान्यात कोणालाही दिसले नसते.

वॉशर काढल्यावर इन्फिनिटी मिळाली, पण चित्र फिकेच राहिले. येथे एक कसोटी आवर्जून सांगतो, कारण ‘व्हिंटेज कॅरेक्टर’ या नावाखाली हाच माल सर्वाधिक विकला जातो. या लेन्सचा एफ/२ वरचा स्वाभाविक मऊपणा ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८ पर्यंत बंद करत नेले की निघून जातो. हेझमुळे आलेला फिकेपणा तसा जात नाही. बाजूने ऊन पडत असेल तर एफ/८ लाही सावल्या राखाडीच राहतात. माझ्या लेन्सचे तसेच झाले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ती उघडून दाखवली तेव्हा आतल्या भिंगाचे कोटिंग बुरशीने खाल्लेले होते. बुरशी पुसलेली होती, तिची नक्षी कायम होती आणि पुढच्या रिंगवर अवजाराचे ताजे ओरखडे होते, म्हणजे लेन्स विक्रीआधी उघडली गेली होती. असे कोरले गेलेले कोटिंग पुसून पूर्ववत होत नाही.

सिंहगडाच्या छायाचित्राविषयी विक्रेत्याला फोनवर विचारले असता, “ते माझ्या मित्राच्या हेलिओसचे आहेत, नमुना म्हणून टाकले होते,” असे त्यांनी बिनदिक्कत सांगितले. जाहिरातीत तसा एक शब्दही नव्हता. पैसे परत मागितल्यावर जुन्या मालाला परतावा नसतो, बिलही नसते, असे ऐकवण्यात आले. आपण व्यापारी नसून घरातील वस्तू विकतो, असेही त्यांनी वर सांगितले. हा शेवटचा मुद्दा निव्वळ उर्मटपणाचा नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार चालायची तर समोरचा माणूस विक्रीचा व्यवसाय करणारा असावा लागतो. त्यांच्या नावावर एकाच वेळी अनेक लेन्सच्या जाहिराती सुरू असतात, तेव्हा त्या सर्वांचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि कारागिराचे लेखी मत जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आहे. ज्यांचा असा व्यवहार ठरत आला असेल त्यांनी लेन्स दिवसाउजेडी, गच्चीवर किंवा रस्त्यावर, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी, दूरच्या इमारतीचे एक छायाचित्र एफ/२ ला आणि एक एफ/८ ला घ्यावे आणि विक्रेता संध्याकाळचीच वेळ देत असेल तर जाऊ नये.