राखाडी, विटकरी की मोतिया? बडोद्यातल्या हॉलचा रंग ठरवताना

दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आली की बडोद्यात घराघरांतून शेडकार्ड फिरू लागतं. यंदा आमच्याकडे दोन घरांचं काम एकदमच निघालंय. एक भाचीचा भायलीतला नवा फ्लॅट, दुसरं सासूबाईंचं दांडिया बाजारातलं जुनं घर. भाचीला राखाडी हवा, तिच्या नवऱ्याला विटकरी, आणि सासूबाईंना मोतियाशिवाय दुसरं काही पटत नाही. हे तिन्ही रंग मी वेगवेगळ्या घरांत वर्षानुवर्षं रोज पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि भिंत आतून कोरडी आहे का, या दोन गोष्टींवरून रंग ठरवा. यंदा काय चालतंय, हे त्यानंतर.

कारण जे चालतं ते फार लवकर बदलतं. पॅन्टोन ही कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते आणि पडद्यांपासून फरशीपर्यंत सगळं त्या दिशेला वळतं. 2021 साठी त्यांनी राखाडी आणि पिवळा अशी जोडी दिली होती. 2025 साठी आला कॉफीच्या छटेचा तपकिरी ‘मोका मूस’, आणि 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ नावाचा चक्क पांढरा. आपण हॉल रंगवतो सहा-सात वर्षांतून एकदा. सामान हलवायचं, जुना रंग खरवडायचा, लांबी भरायची, पॉलिशपेपरची धूळ आठवडाभर खायची. एवढा खटाटोप दर दोन वर्षांनी कोण करणार? नवीन काही करायची हौस असेल तर ती पडद्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर भागवावी.

आता राखाडी. सगळ्यात जास्त फसगत याच रंगात होते, कारण नुसता राखाडी असा नसतोच. त्याच्या पोटात निळा, हिरवा किंवा जांभळा दडलेला असतो आणि दुकानातल्या दिव्यात तो दिसत नाही. भाचीच्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे. शेडकार्डावरचा तिचा आवडता राखाडी आम्ही दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन वाळवला आणि सोफ्यामागे उभा केला. सकाळी नऊला ती म्हणाली, “मावशी, हा तर निळा दिसतोय!” दिसणारच. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा थंड, निळसर उजेड. रात्री ट्यूबलाइट लावली, तर तो आणखी गार पडला. आपल्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या ट्यूब 6500 केल्विनच्या असतात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. त्याच जागी 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावला आणि तोच पुठ्ठा भुऱ्या सशासारखा उबदार दिसू लागला. रंग एकच, उजेड तीन.

अडचण आणखी एक होती. तिच्या हॉलमध्ये बडोद्याजवळच्या संखेडा गावचा झोपाळा आहे: सागवानी, लाखेच्या मरून रंगाचा, वर सोनेरी वेलबुट्टी. निळसर राखाडीपुढे तो झोपाळा एखाद्या दुसऱ्याच घरातून आणून ठेवल्यासारखा परका वाटत होता. बडोद्याच्या कितीतरी घरांत संखेड्याचं निदान एक तरी सामान असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. फर्निचर जुनं आणि लालसर लाकडाचं असेल तर राखाडी त्याच्याशी सहसा जुळवून घेत नाही.

पण हाच पुठ्ठा तिच्या पश्चिमेच्या बेडरूममध्ये नेला आणि माझंही मत बदललं. दुपारी चारनंतर तिथे नारिंगी ऊन भिंतभर पसरतं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना त्या उन्हात पिवळा किंवा विटकरी डोळ्यांना सोसत नाही. राखाडीनं ते ऊन निवल्यासारखं झालं.

विटकरीचं गणित नेमकं उलटं. उत्तरेच्या गार उजेडात तो खुलतो आणि संखेड्याच्या मरूनला तर त्याच्याइतका सख्खा शेजारी नाही. गडद रंगाची भीती आपल्या लोकांना अलीकडे वाटायला लागली आहे. आपल्याच बडोद्यात तांबेकर वाड्यात जाऊन या. एकोणिसाव्या शतकातल्या त्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या आहेत आणि त्या खोल्यांत जराही गुदमरायला होत नाही.

तरी चारही भिंती विटकरी करू नका. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के रंग परत फेकतो याचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. मोतियाचा तो साधारण पंचाहत्तर-ऐंशी असतो, मधल्या राखाडीचा चाळीस-पन्नास, विटकरीचा जेमतेम वीसच्या आसपास. दहा बाय चौदाच्या, एकाच खिडकीच्या हॉलमध्ये चारी भिंती विटकरी केल्या तर भर दुपारी दिवा लावायची वेळ येते. खर्चही वाढतो. गुळगुळीत भिंतीवर इमल्शनचे दोन हात धरले तर लिटरमागे साधारण साठ-सत्तर चौरस फूट भिंत होते, पण गडद रंगाला बहुतेक वेळा तिसरा हात लागतो. डागडुजी लपत नाही ती वेगळीच. खिळा काढून भोक बुजवलं की तेवढा ठिपका कायम चमकतो. म्हणून गडद रंग बिनचमकीचा, मॅट घ्या, सगळा एकाच वेळी मशीनवर मिसळून आणा आणि अर्धा लिटर डब्यात घट्ट बंद करून ठेवा.

आणि ओल. यावर जरा थांबते, कारण याची किंमत मी स्वतः मोजली आहे. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही समा भागात तळमजल्यावर राहत होतो. हॉलमध्ये दोन फूट पाणी होतं. महिन्याभरात भिंती हाताला कोरड्या लागायला लागल्या, रंगाऱ्यानंही “चालेल” म्हटलं, आणि दिवाळीच्या आत आम्ही हॉल विटकरी, पॅसेज मोतिया करून घेतला. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, घरभर पाहुणे आलेले, आणि सोफ्यामागची भिंत कमरेपर्यंत पोपडे धरून उभी. विटांच्या आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. इमल्शनचा थर प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखा असतो, तो त्यांना वाट देत नाही आणि फुगून फुटतो. विटकरी भिंतीवर ते पांढरं मीठ रांगोळी सांडल्यासारखं दिसत होतं. पॅसेजमध्येही तेच मीठ फुटलं होतं, पण मोतियावर ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. तेव्हापासून तळमजल्याच्या भिंतीवर गडद रंग मी कुणालाच सुचवत नाही.

मोतियाबद्दल फार लिहायला नको. मोतिया म्हणजे पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब, आणि सगळी मदार त्या थेंबावर आहे. शुभ्र पांढरा उत्तरेच्या खोलीत आणि ट्यूबलाइटखाली दवाखान्यासारखा दिसतो, त्यामुळे यंदा पांढऱ्याची चलती असली तरी तो सरसकट घेऊ नका. मोतियाची खरी तक्रार मळण्याची. दिवाणामागे डोक्याच्या तेलाचा डाग, बटणांभोवती बोटांचे ठसे, देवघराशेजारी हळदीकुंकू. म्हणून त्याला धुता येणारं इमल्शनच लावा. डिस्टेंपर स्वस्त पडतं, पण पुसायला गेलं की फडक्याबरोबर रंगही येतो. अपवाद जुन्या चुन्याच्या भिंतींचा. तिथे चुनाच बरा. त्यानं ओल थांबत नाही, पण भिंत श्वास घेत राहते आणि पोपडे धरत नाही.

छत तिन्ही प्रकारांत पांढरंच ठेवा.

भाचीचं आता ठरलंय. हॉलच्या तीन भिंती मोतिया, झोपाळ्यामागची एक विटकरी, आणि तिचा राखाडी पश्चिमेच्या बेडरूमला. ती दुसऱ्या मजल्यावर आहे, भिंती कोरड्या आहेत, काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

सासूबाईंच्या घरी पुढच्या खोलीला पूर्वीच सिमेंटचं प्लास्टर झालंय, तिथे मोतिया लागेल. मागच्या दोन खोल्या चुन्याच्या, त्यांना चुनाच. पण पुढच्या भिंतीवर फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवला होता. भिंत कोरडी असती तर तो तसाच राहिला असता. काल संध्याकाळी काढला, तर आतून दवाचे थेंब धरले होते. रंगाऱ्याला फोन करून नवरात्रानंतरची तारीख दिली आहे, आणि तेव्हाही तो तुकडा पुन्हा चिकटवून बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असं सासूबाईंनीच बजावलंय.