वर्षभराच्या कॉमिक-वाचनानंतर: आल्बम घ्यावा, मांगा घ्यावा की आपली चित्रकथा?

गेल्या जानेवारीत मी ठरवून कॉमिक्स वाचायला घेतली आणि डिसेंबर संपताना वाचनाच्या वहीत 83 नोंदी झाल्या. त्यांत युरोपीय आल्बम, म्हणजे मोठ्या आकाराची चित्रकथांची पुस्तके होती, मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे खंड होते, अमर चित्र कथेचे जुने-नवे अंक होते आणि काही भारतीय ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे चित्रांतून सांगितलेली पुस्तकभर लांबीची कथने होती. ही वही पाहून कार्यालयातील एका सहकाऱ्याने विचारले की, महिन्याला एकच पुस्तक घेण्याइतके पैसे आणि घरात एकच फळी रिकामी असेल, तर सुरुवात कशाने करावी. त्यांना दहा वर्षांची मुलगी आहे, ते मुलुंडहून रोज लोकलने फोर्टला येतात आणि शाळा सुटल्यापासून त्यांनी एकही कॉमिक हातात धरलेले नाही. पुढचे लिखाण त्यांच्यासारख्या वाचकासाठी आहे.

किमतीने या प्रश्नाचा निकाल लागत नाही, हे आधी सांगतो. नवा आल्बम आणि मांगाचा नवा खंड यांच्या किमती एकमेकींपासून फार दूर नसतात. खरा फरक आहे तो त्या पैशात किती वेळ मिळतो आणि पुस्तक दुसऱ्यांदा उघडले जाते की नाही, यात. माझ्या नोंदींप्रमाणे टिनटिन या तरुण बातमीदाराच्या साहसांचा 62 पानांचा एक आल्बम वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तर सुमारे 200 पानांचा मांगाचा खंड मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या धीम्या लोकलच्या एका प्रवासात जवळजवळ संपला. पानांची संख्या पाहून मांगा घेणारा वाचक इथे फसतो. पण जो संथपणाला कंटाळतो, तो आल्बम घेऊन तितकाच फसतो.

हे असे का होते, ते दोन्ही प्रकार कसे जन्मले हे पाहिल्यावर कळते. बेल्जियमच्या एर्जेने 1929 साली टिनटिन सुरू केला तो एका वृत्तपत्राच्या मुलांसाठीच्या साप्ताहिक पुरवणीत, आठवड्याला दोन पाने या हिशेबाने. एवढ्या थोड्या जागेत कथा पुढे सरकली पाहिजे, हशा आला पाहिजे आणि शेवटच्या चौकटीत पुढच्या आठवड्याची ओढ लागली पाहिजे, ही गरज होती. म्हणून प्रत्येक पान गच्च भरलेले आहे आणि पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बहुधा काहीतरी अडखळते, पडते किंवा दार उघडते. रेषा सर्वत्र सारख्या जाडीची, सावल्यांच्या रेघोट्या नाहीत, रंग सपाट. त्यामुळे मागच्या भिंतीवरचे चित्र, दुकानाची पाटी, गर्दीतला एखादा चेहरा हे सगळे मुख्य पात्राइतकेच स्पष्ट दिसते आणि डोळा तिथे थांबतो. 'टिनटिन इन तिबेट' या 1960 च्या आल्बममध्ये टिनटिन आणि त्याचा मित्र कॅप्टन हॅडॉक काठमांडूला जाताना दिल्लीत थांबून कुतुबमिनार पाहतात, तो भाग मी तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा एखादी न पाहिलेली गोष्ट सापडली.

रोमनांशी लढणाऱ्या ॲस्टेरिक्स या छोट्या गॉल योद्ध्याच्या आल्बमची घनता वेगळी आहे. तिथे चित्राइतकेच शब्द काम करतात. 1959 साली लेखक गॉसिनी आणि चित्रकार युदेर्झो यांनी सुरू केलेल्या या मालिकेचे विनोद फ्रेंच शब्दांच्या खेळावर उभे आहेत आणि इंग्रजी अनुवादक अँथिया बेल व डेरेक हॉक्रिज यांनी ते जसेच्या तसे न आणता नव्याने रचले. मूळ फ्रेंचमध्ये कुत्र्याचे नाव 'इदेफिक्स', म्हणजे डोक्यात पक्की बसलेली एकच कल्पना. इंग्रजीत ते 'डॉगमॅटिक्स' झाले, ज्यात हट्टही राहिला आणि कुत्राही आला. ज्यांना इंग्रजी सहज वाचता येते पण शब्दांच्या कोट्यांची सवय नाही, त्यांचा या मालिकेतला अर्धा आनंद हातचा जातो. म्हणून मी टिनटिन आधी आणि ॲस्टेरिक्स नंतर असे सुचवतो. ॲस्टेरिक्स घ्यायचाच असेल तर पहिल्या 24 आल्बममधला घ्यावा. गॉसिनी 1977 साली गेले आणि त्यांच्या लेखणीनंतरच्या कथांमध्ये मला ती धार जाणवली नाही. टिनटिनमध्येही अगदी सुरुवातीचे आल्बम टाळावेत. काँगोमधल्या कथेत आफ्रिकी माणसांचे जे चित्रण आहे ते लहान मुलीच्या हातात काही न बोलता देण्यासारखे नाही.

आता मांगा. जपानमध्ये मांगाची प्रकरणे बहुतेकदा आधी साध्या, स्वस्त कागदावरच्या जाड साप्ताहिकांत येतात आणि नंतर खंडरूपाने निघतात. एका प्रकरणाला साधारण वीस पाने मिळत असल्यामुळे चित्रकार वेळ ताणू शकतो. एर्जेला जी घटना दोन चौकटींत उरकावी लागते, तिला इथे सहा पाने मिळतात. ताकेहिको इनोउए यांच्या 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या 31 खंडांच्या मालिकेत निर्णायक सामन्याचे शेवटचे क्षण पानांमागून पाने जवळजवळ एकाही शब्दाशिवाय येतात. मी ती पाने कुर्ला ते दादर या अंतरात वाचली आणि दादरला डब्यात चढलेल्या गर्दीचे मला भान राहिले नाही. असा परिणाम आल्बममध्ये होऊ शकत नाही, कारण तिथे एवढे मौन ठेवायला जागाच नसते. मांगा भराभर वाचून संपतो ही त्याची उणीव मानणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही, कारण तो वेग चित्रकाराने मोजूनमापून बांधलेला असतो.

उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय मला तीन दिवसांत झाली. पहिल्या दिवशी शेजारी बसलेल्या एका काकांनी पुस्तक मागून उघडले आहे असे मायेने सांगितले, तेव्हा त्यांना चौकटींचा क्रम बोटाने दाखवला आणि दोन पाने आम्ही मिळून वाचली. हातात धरायला मांगा लोकलसाठीच घडवल्यासारखा आहे. उभ्याने, एका हाताने कडी धरूनही तो वाचता येतो. मोठ्या आकाराचा आल्बम गर्दीच्या वेळी उघडणे म्हणजे शेजाऱ्याच्या खांद्यावर वर्तमानपत्र पसरण्यासारखे आहे.

मात्र मांगाचा खरा प्रश्न जागेचा आहे. 'वन पीस' ही मालिका 1997 पासून चालू आहे आणि तिचे शंभराहून अधिक खंड झाले आहेत. मुंबईच्या एका खोलीच्या घरात त्यांना ठेवायचे कुठे, याचा विचार पहिला खंड घेण्यापूर्वी करावा. माझी पहिली अट म्हणून मालिका पूर्ण झालेली असावी आणि एका फळीवर मावावी. 'डेथ नोट' 12 खंडांत संपते, पण तिचा विषय मोठ्यांसाठीचा आहे. ओसामू तेझुका यांची 'बुद्ध' इंग्रजीत 8 खंडांत मिळते आणि मराठी वाचकाने मांगाची सुरुवात हिच्यापासून करावी असे मला मनापासून वाटते. पहिल्या खंडात सिद्धार्थ जवळजवळ नाहीच. तिथे छाप्रा नावाचा एक गुलाम मुलगा आहे, जो जन्माने लादलेली जागा सोडण्यासाठी सेनापतीचा मुलगा म्हणून जगतो. जातीचा काच एका जपानी चित्रकाराने इतक्या थेटपणे मांडावा, याचे मला वाचताना आश्चर्य वाटले. पुढच्या खंडांत हिंसा आणि नग्नता आहे, म्हणून ही मालिका सहकाऱ्यांसाठी आहे, त्यांच्या मुलीसाठी नाही.

मुलीसाठी आणि मराठीसाठी अमर चित्र कथेकडे वळावे लागते. अनंत पै यांनी 1967 साली मुंबईतून ही मालिका सुरू केली आणि राम वाईरकरांसारख्या चित्रकारांनी तिला चेहरा दिला. तिचे मराठी अंक आजही शोधल्यास मिळतात आणि आजी-नातीने एकत्र बसून वाचायला याहून सोयीचे काही माझ्या पाहण्यात नाही. तरीही वर्षभर इतर कॉमिक्स वाचल्यावर तिची एक मर्यादा मला पूर्वीपेक्षा जास्त जाणवली. चौकटीच्या वरच्या पट्टीत जे लिहिलेले असते, तेच बहुतेक वेळा खाली चित्रात दिसते. चित्राला स्वतःचे काही सांगायला उरत नाही, त्यामुळे मूल गोष्ट शिकते पण चित्र वाचायला शिकत नाही. हा दोष 32 पानांत एक संपूर्ण चरित्र बसवण्याच्या धडपडीतून येतो, हे मी समजू शकतो. चित्र वाचायला शिकवणारे मराठीतले उत्तम उदाहरण मला 'चिंटू'मध्ये दिसते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 पासून 'सकाळ'मध्ये चालवलेल्या या चित्रपट्टीत तीन-चार चौकटींत शेवटचा हशा बऱ्याचदा केवळ चेहऱ्यावर असतो. तिचे संग्रह मुलीच्या हातात आधी द्यावेत. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवून जुने अंक शोधू पाहणाऱ्यांना एवढेच सांगतो की ते प्रकाशन 1990 साली थांबले, आता ते अंक संग्राहकांच्या भावाने विकले जातात आणि सुरुवातीसाठी तो मार्ग योग्य नाही.

भारतीय ग्राफिक नॉव्हेल्समध्ये मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते 'भीमायन'पाशी. 'नवयान'ने 2011 साली प्रकाशित केलेल्या या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील पाणी, निवारा आणि प्रवास यांविषयीचे प्रसंग काढले आहेत. नेहमीच्या चौकोनी चौकटी इथे नाहीत. भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या दिग्ना या नक्षीने पान विभागले जाते. सौम्य बोलणाऱ्यांचे संवादफुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, तर विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. शाळेत तहानलेल्या भीमाला जे शब्द ऐकावे लागतात त्यांच्या टोकाला ती नांगी दिसली, की वाचकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. माझ्या सहकाऱ्यांची मुलगी बारा वर्षांची झाली की हे पुस्तक तिच्यासोबत वाचावे. याच प्रकाशनाने त्याच वर्षी जोतिबा फुले यांच्या 1873 च्या 'गुलामगिरी'वर आधारित चित्रपुस्तकही काढले. मी ते इंग्रजीत वाचले, शेजारी मूळ मराठी ग्रंथ उघडून ठेवला आणि जोतिबांचे संवाद पुन्हा त्यांच्याच भाषेत वाचत गेलो. दोन्ही समोर ठेवून वाचण्यात जो वेळ जातो तो सार्थकी लागतो.

खरेदीबाबत थोडे सांगायला हवे. हुतात्मा चौकातल्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळच्या फूटपाथवरच्या ढिगांत जुने आल्बम आणि अमर चित्र कथेचे अंक सापडतात, पण पिन मारलेल्या अंकाचा मधला कागद आधी तपासावा. तो निघाला की एकदम चार पाने जातात आणि माझ्याकडच्या एका अंकात नेमकी लढाईच गायब आहे. मांगा फूटपाथवर मिळाला तर त्याची छपाई निरखून पाहावी. फिकट काळा रंग आणि पानाच्या कडेला कापले गेलेले संवाद दिसले तर तो अनधिकृत समजावा. फोनवर वाचायचे असेल तर मांगाची मोठी अक्षरे वाचता येतात, मात्र दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध तुटते. ॲस्टेरिक्सची बारीक अक्षरे फोनवर वाचणे डोळ्यांवर अन्याय आहे. शुएइशा या जपानी प्रकाशकाने 2019 साली सुरू केलेल्या 'मांगा प्लस'वर अनेक मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणे मोफत वाचता येतात, तेव्हा कुठलीही लांब मालिका विकत घेण्यापूर्वी तिथे तीन प्रकरणे वाचून पाहावीत. पावसाळ्यात मांगाचा कागद ओल धरून फुगतो आणि पिवळा पडतो, पण वाचण्याजोगा राहतो. आल्बमच्या गुळगुळीत कागदाला ओल लागली तर पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रच सोलले जाते. जुलैत माझा एक आल्बम असा गेला, म्हणून आता ते काचेच्या कपाटात, भिंतीपासून चार बोटे दूर असतात.

सहकाऱ्यांना मी वर्षाची मांडणी अशी करून दिली आहे: सुरुवातीला तिबेटचा आल्बम घरासाठी, त्यानंतर 'बुद्ध'चे आठ खंड लोकलसाठी एकामागून एक, दोन महिन्यांच्या जागी 'चिंटू'चे संग्रह मुलीसाठी आणि वर्षअखेरीस 'भीमायन', जे ती बारा वर्षांची होईपर्यंत ते स्वतः वाचतील. लोकलने न जाणाऱ्या, रात्री निवांत बसून वाचणाऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर मी आठही महिने आल्बमनाच दिले असते. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर आम्ही दोघे फोर्टातल्या दुकानात गेलो. तिबेटचा आल्बम तिथे होता आणि 'बुद्ध'चा पहिला खंड मागवावा लागला. तो येईपर्यंत माझी प्रत त्यांच्या बॅगेत आहे.