लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स: देवगडातल्या डीटीपी दुकानात शिमग्यापासून दिवाळीपर्यंत

दुकानातला कॉम्प्युटर विंडोजवरून उबुंटू २४.०४ या लिनक्सवर नेला तेव्हा अडलं ते जुन्या फाइलींपाशी. आंबापेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं, सगळं कोरलड्रॉ या विंडोजवरच्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेलं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या जागी आत एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर पत्रिका उघडते ती नुसत्या कंसांची आणि स्वल्पविरामांची. इकडे गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, ‘गेल्या वर्साचोच मजकूर घेवा, तारीख तेवढी बदला.’ म्हणून लिनक्सच्या आत विंडोज १० चालवायला व्हर्च्युअलबॉक्स घेतलं. ते शिमग्यापासून रोज वापरात आहे. माझं मत आधीच सांगतो: अशा कामाला हे उत्तम आहे, फक्त त्याचा जीव कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बांधलेला आहे हे कायम ध्यानात ठेवावं लागतं.

इन्स्टॉल करताना बहुतेकांना जो एरर येतो तो ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’, पुढे कंसात उणे १९०८. व्हर्च्युअलबॉक्सचं एक मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, थेट कर्नलमध्ये बसतं, आणि ते तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कर्नलसाठी बांधलं जातं. त्यासाठी जीसीसी आणि मेक ही बांधणीची साधनं आणि त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधताना लागणाऱ्या त्याच्या माहितीच्या फाइली, लागतात. हेडर्स टाकताना एका ठरावीक आवृत्तीचे न टाकता ‘लिनक्स हेडर्स जेनेरिक’ हे पॅकेज टाकावं. एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी उबुंटू देतं तो नवा कर्नल) असेल तर त्याचं तसंच पॅकेज आहे. मग नवा कर्नल आला की हेडर्स त्याच्यासोबत आपोआप येतात. पावसात आमच्याकडे नेट गेलं की लवकर येत नाही, अशा वेळी हेडर्स आधीच मशीनवर असलेले बरे.

एवढं करूनही मॉड्यूल लोड होत नसेल तर बहुधा सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली मॉड्यूलं अडवणारी सोय, चालू असतो. फोरमवर सगळे तो बंद करायला सांगतात. माझ्या मते त्याची गरज नाही. इन्स्टॉल होताना उबुंटू एक पासवर्ड मागतं, आणि रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. तिथे दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटण दाबावं लागतं. नाही दाबलं तर मशीन सरळ सुरू होतं आणि मॉड्यूलवरच्या सहीची की (डिजिटल किल्ली) नोंदवायची राहून जाते. बटण दाबल्यावर ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तो पासवर्ड. या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांनी तरी पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवावा. हे काम एकदाच करायचं. पुढची मॉड्यूलं त्याच कीने सही होऊन बसतात.

खरी परीक्षा झाली गणपतीच्या तोंडावर. ऑगस्ट २०२५ मध्ये उबुंटू २४.०४.३ बरोबर ६.१४ कर्नल आला. मॉड्यूल नीट बांधलं गेलं, पण विंडोज सुरू होईना. एररमध्ये ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे शब्द, आणि टेबलावर मंडळांचे अहवाल नि आरतीची पुस्तकं पडलेली. कारण असं की कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची स्वतःची सोय) हे मॉड्यूल लोड होताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःकडे घेऊन बसतं. आधी ते एखादं मशीन चालू होईपर्यंत थांबायचं. ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, कर्नलच्या ओळीत, केव्हीएमचा ‘एनेबल व्हर्ट ॲट लोड’ हा पॅरामीटर शून्य केला, ग्रब अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, की विंडोज उठलं. हाच एरर आला तर बायोसमध्ये शिरून व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरची हीच सोय) शोधत बसू नका, ते चालूच असतं.

टायपिंगच्या प्रोग्रामला यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, लागतो. लिनक्सला तो दिसत होता, व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मात्र काहीच नाही. आपलं नाव ‘व्हीबॉक्सयूझर्स’ ग्रुपमध्ये घालून लॉगआउट करून परत आत आलं की यादी भरते. त्या डोंगलचा फिल्टर मशीनच्या सेटिंगमध्ये घालून ठेवला की विंडोज सुरू होताना तो आपोआप आत जातो. यासाठी एक्स्टेन्शन पॅक हे व्हर्च्युअलबॉक्सचं वेगळं जोडपॅकेज लागतं असं जुन्या लेखांत असतं. पण व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आहेत. त्या पॅकचं फुकट लायसन्स वैयक्तिक वापरापुरतं आणि शिक्षणापुरतं आहे, दुकानाला ते चालत नाही. मी तो टाकलेलाच नाही, आणि काही अडलंही नाही.

प्रिंटर विंडोजला जोडायच्या फंदात पडू नका. कोरलमधून पीडीएफ काढायची, शेअर्ड फोल्डरमध्ये (विंडोज आणि लिनक्स दोघांना दिसणाऱ्या) टाकायची, प्रिंट लिनक्समधून. शेअर्ड फोल्डरसाठी गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर विंडोजमध्ये टाकावेच लागतात. त्यामुळे स्क्रीनचा आकारही नीट होतो.

आता लाईटबद्दल. जून ते सप्टेंबर इथे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि विंडोज चालू असताना मशीन धाडकन बंद झालं तर आतली डिस्क बिघडू शकते. यूपीएसवर जी काही मिनिटं मिळतात त्यात विंडोज शटडाउन करत बसण्यापेक्षा ‘सेव्ह स्टेट’ करावं. मेमरीत आहे ते जसंच्या तसं डिस्कवर लिहिलं जातं आणि लाईट आल्यावर अर्धवट पत्रिका तिथेच उघडी मिळते. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ‘होस्ट आय-ओ कॅश’ असा पर्याय आहे. साटा कंट्रोलरला (डिस्क ज्याला जोडलेली असते त्याला) तो मुळात बंद असतो, तसाच बंद राहू द्यावा. तो चालू असेल तर ‘लिहिलं’ असं आतल्या विंडोजला वाटतं तेव्हा डेटा अजून लिनक्सच्या मेमरीत असू शकतो, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर तो गेला.

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी केव्हीएम आणि ते चालवायचा व्हर्ट-मॅनेजर हा प्रोग्रामही वापरून पाहिला. केव्हीएम कर्नलमध्येच आहे, २००७ सालच्या २.६.२० पासून, त्यामुळे मॉड्यूल बांधायची कटकट नाही. सर्व्हर चालवायचा असता तर मी तेच घेतलं असतं. पण विंडोजमध्ये शेअर्ड फोल्डर हवं तर तिथे व्हर्टआयओएफएस, वर विनएफएसपी, अशा जादा प्रोग्रामची वेगळी जुळवाजुळव करावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे काम मी हाताखालच्या मुलालाही शिकवू शकलो.

आतल्या विंडोजची डिस्क म्हणजे लिनक्सवरची एक फाइल, ती वाढते पण आपणहून कमी होत नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मागे जाता यावं म्हणून जपलेल्या मशीनच्या स्थिती, साठत गेले तर जागा भराभर खातात. मी एकच ठेवतो, कर्नल बदलायच्या आधीचा, आणि काम सुरळीत चाललं की काढून टाकतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याचं नेटवर्क ॲडाप्टर काढून ठेवलं आहे. पत्रिका उघडायला त्याला नेट लागत नाही. ८ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोजला ४ जीबी दिली तर कोरल चालतं, पण बाजूला ब्राउझर उघडा असला की दोन्हीकडे रखडतं. मी १६ जीबी केली, आणि नवं मशीन घेणाऱ्याला तेवढीच घ्यायला सांगेन.