नटांसाठी मालिका-लेखन कार्यशाळा, दादर : कागदापर्यंत चोख, पुढे तोकडी

अभिनयातून मालिका-लेखनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी दादर पश्चिमेला ही कार्यशाळा भरते. सहा शनिवार-रविवार, बारा सत्रं, प्रत्येकी तीन तास, फी १८ हजार. वर्गात चौदाच जण घेतात, त्यामुळे प्रत्येकाचं लिखाण खरोखर वाचलं जातं.

पहिली चार सत्रं फक्त वन लायनरवर, म्हणजे भागात काय घडतं याच्या सीनवार, एकेका ओळीच्या आराखड्यावर जातात. काहींना हे कंटाळवाणं वाटतं, पण गरज त्याचीच असते. नटाला आधी संवाद सुचतो. गोष्ट पुढे सरकली की नाही, हे तो नंतर बघतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर सव्वादोन तासांच्या आसपास मजकूर, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा. नुसत्या खटकेबाज संवादांवर तो निघत नाही.

एक पान म्हणजे एक मिनिट हा इंग्रजी पटकथेचा हिशेब देवनागरीत कोलमडतो. फॉन्ट बदलला की पानं बदलतात. म्हणून इथे प्रत्येक सीन घड्याळ लावून मोठ्याने वाचतात, मधले पॉजही धरून. यात नट बाजी मारतात. मार खातात ते दुसरीकडे : सगळी पात्रं लेखकाच्याच लकबीत बोलू लागतात. त्यावर इथली युक्ती साधी आहे. पात्रांची नावं झाकून सीन दुसऱ्याला वाचायला देतात. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर सीन परत.

सगळ्यात उत्तम सत्र आठवं, 'डेट नाही', म्हणजे नट त्या दिवशी चित्रीकरणाला मिळणार नाही. लिहून तयार असलेला सीन घ्यायचा आणि त्यातल्या मुख्य पात्राशिवाय तासाभरात पुन्हा उभा करायचा, तोही त्याच सेटवर. एक नमुना बघा : दागिने गहाण टाकल्याचं सून सासूसमोर कबूल करते. सुनेची डेट नाही. मग अभ्रे बदलताना जावेच्या हाती सोनाराची पावती लागते आणि चष्मा न सापडलेली सासू म्हणते, "वाच गं, काय आहे ते." जाऊ वाचते की खोटं सांगते, तिथेच ब्रेक. प्रेक्षकाला ब्रेकनंतर परत आणणारा हा हुक मूळ कबुलीपेक्षा बरा. बँक संपत आली, म्हणजे पुढचे तयार भाग एक-दोनच उरले, की ठाण्यात घोडबंदरला मालिकांच्या सेटवर अगदी हेच करावं लागतं.

आता उणी बाजू. जाहिरातीत 'शो चालवायला शिका' असं आहे, ते इथे जवळपास नाही. अमेरिकेत शोरनर, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं हाती असलेला माणूस, बहुधा मुख्य लेखकच असतो. आपल्याकडे कथेला होकार वाहिनीची क्रिएटिव्ह टीम देते, पैसा निर्मात्याच्या हाती, आणि कथा, पटकथा, संवाद अनेकदा वेगवेगळ्या माणसांकडे. म्हणजे नुसतं लिहून सूत्रं हाती येत नाहीत. सूत्रं हाती घेतलेले नट आहेत, पण वेगळ्या वाटांनी. नीलेश साबळे यांनी २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये लेखन, दिग्दर्शन, सूत्रसंचालन तिन्ही सांभाळलं. अभिनेत्री श्वेता शिंदे 'लागिरं झालं जी' या मालिकेच्या (२०१७) निर्मात्या झाल्या. दोन्ही वाटांचं गणित वेगळं, आणि ते उलगडायला दोन सत्रं तरी हवीत. इथे तो विषय पाहुण्या वक्त्यांच्या गप्पांत निघून जातो.

कराराला शेवटच्या दिवशी जेमतेम चाळीस मिनिटं. मानधन लिहिलेल्या भागाचं की प्रक्षेपित झालेल्या, पैसे किती दिवसांनी (या धंद्यात ९० दिवस नवे नाहीत), मध्येच लेखक बदलला तर श्रेयनामावलीचं काय, हे तिघांनी विचारलं म्हणून निघालं. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाला दिलेल्या रॉयल्टीच्या हक्काचा उल्लेखही नाही. वाटलेल्या टिपणात तर 'कल्पना रजिस्टर करा' असा सल्ला आहे. तो चूक. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कन्सेप्ट नोट, पात्रपरिचय आणि पहिल्या भागाची पटकथा लिहून काढावी, मग ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी.

एकही मालिका न केलेल्यांनी थोडं थांबावं. सेटची सवय असेल तर पैसे वसूल. लॅपटॉपवर युनिकोड मराठी टायपिंग आधीच बसवून जा, जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की भलतीच इंग्रजी अक्षरं होऊन उघडते आणि पहिला दिवस त्यातच जातो.