थोरल्याची हुकली, धाकटीला मिळाली: माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीची पंतप्रधान शिष्यवृत्ती

सैन्यातून नायक पदावरून निवृत्त होऊन मी बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावी परतलो, तेव्हा निवृत्तिवेतन आणि पाच एकर कोरडवाहू शेती एवढ्यावर दोन मुलांचे शिक्षण करायचे होते. मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या शिक्षणाला पहिल्या वर्षापासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा आधार आहे. या योजनेविषयी आमच्या भागातील माजी सैनिकांना अर्धवट ऐकीव माहिती असते, म्हणून अनुभवाच्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

ही योजना संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सैनिक बोर्ड चालवते. देशभरातून दरवर्षी ५,५०० नवे विद्यार्थी निवडले जातात, त्यांत निम्म्या मुली असतात. २०१९-२० पासून मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना दरमहा ३,००० रुपये हा दर आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला न येता वर्षातून एकदा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरील खात्यात जमा होतात. मुलीचे वर्षाचे ३६,००० रुपये म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने जवळपास सात क्विंटल सोयाबीन, आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षी तेवढे सोयाबीन घरात येण्यासाठी काय करावे लागते, हे वऱ्हाडातील वाचकाला सांगायला नको.

आता दुःखाची गोष्ट आधी सांगतो. थोरला मुलगा २०१७ मध्ये अभियांत्रिकीला गेला, तेव्हा मला या योजनेचे नावही ठाऊक नव्हते. तो दुसऱ्या वर्षाला असताना एका जुन्या सोबत्याकडून कळले, मी घाईने कागद गोळा केले आणि तेव्हा समजले की नवा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षीच करता येतो. बारावीला ६० टक्के गुण असावे लागतात, त्याला त्याहून अधिक होते. तरीही चार वर्षांची मदत केवळ माझ्या अज्ञानामुळे गेली. त्याच्या शिक्षणासाठी मी बैलजोडी विकली. तो आज नोकरीला आहे, पण ती सल अजून गेलेली नाही.

मुलीच्या वेळी मी ती दहावीत असतानाच तयारीला लागलो, आणि खरा अडथळा तेव्हाच सापडला. माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सैन्याकडून मिळणाऱ्या सेवेच्या नोंदपुस्तकात, तिच्या नावाचे स्पेलिंग वेगळे होते आणि जन्मतारखेचा महिना शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हता. नोकरीत असताना रजेवरून परतल्यावर तोंडी सांगितलेली तारीख तिथे नोंदली गेली होती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी हे लगेच दाखवून दिले, प्रतिज्ञापत्राचा नमुना दिला आणि दुरुस्तीचा प्रस्ताव सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. दुरुस्ती होऊन यायला आठ महिने लागले. हेच काम प्रवेशाच्या वर्षी निघाले असते, तर धाकटीचीही संधी गेली असती. म्हणून ज्यांची मुले आज आठवी-दहावीत आहेत, त्यांनी डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड एकदा शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. गावात नेटवर्क टिकत नसल्याने आम्ही तो तालुक्याच्या सेतू केंद्रात भरला, मात्र केंद्रचालकावर न सोडता मुलीने स्वतः प्रत्येक रकाना तपासला. मग मूळ कागदपत्रे घेऊन जिल्हा कार्यालयात पडताळणी होते. त्यासाठी एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. औषधनिर्माणशास्त्राचे प्रवेश दिवाळीच्या पुढेमागे चालत राहतात आणि अर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे महाविद्यालयाचे बोनाफाईड वेळेत हाती येणे फार महत्त्वाचे ठरते. आमच्या बाबतीत महाविद्यालयाच्या लिपिकाने विहित नमुन्याऐवजी स्वतःच्या छापील नमुन्यावर, अभ्यासक्रमाचा कालावधी न लिहिताच दाखला दिला. तो बदलून आणण्यासाठी मुलीला तीन वेळा खेटे घालावे लागले, आणि शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांशी त्या खिडकीवर ज्या तुसडेपणाने बोलले जाते, त्याचे मला आजही वाईट वाटते.

निवडीत प्राधान्यक्रम असतो. हुतात्मा सैनिकांची मुले व वीरपत्नी प्रथम, पुढे युद्धात अपंगत्व आलेल्यांचे पाल्य, आणि माझ्यासारख्या सामान्य निवृत्त जवानाची मुले शेवटच्या गटात. हा क्रम मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. त्याचा अर्थ एवढाच की आपल्या गटात ६० टक्क्यांवर निर्धास्त राहता येत नाही, जितके गुण अधिक तितके बरे. पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण राखावे लागतात. पहिल्या वर्षाची रक्कम आमच्या खात्यात वार्षिक परीक्षा झाल्यावर जमा झाली, त्यामुळे प्रवेशाच्या वेळच्या खर्चाची सोय वेगळी करावीच लागली. आजवरच्या तिन्ही वर्षांत रक्कम तेवढीच राहिली, तर अमरावतीतील खोलीचे भाडे आणि मेसचा दर दरवर्षी वाढला. सध्या त्या पैशांत तिचे दोन वेळचे जेवण निघते, खोली निघत नाही. दरांचा फेरविचार व्हावा, असे मनापासून वाटते.

बी.ए. किंवा बी.एस्सी. सारख्या सामान्य पदवीला ही शिष्यवृत्ती नाही, व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच आहे. त्या मुलांसाठी हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांना दोन अपत्यांपर्यंत रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शैक्षणिक अनुदान मिळते, ते नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाले आहे. त्याचाही मार्ग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. शेजारच्या गावातील एका वीरपत्नीच्या मुलाचे कागद घेऊन आम्ही दोघे येत्या सोमवारी पहिल्या एसटीने तिकडे निघणार आहोत. तो यंदा नववीत आहे, आणि त्याच्या आधार कार्डावरील जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही.